ससा म्हण

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी लातूरला घरी बसून स्पॅनिश शिकायला लागले, ते नातीसाठी. मुलगा नोकरीच्या निमित्ताने स्पेनला गेला आणि तिथलाच झाला. सून तिथलीच. नात चार वर्षांची. ती आईशी, बापाशी, बालवाडीत, सगळीकडे स्पॅनिशच बोलते. मराठीतलं तिला 'ये', 'चल', 'पाणी' आणि 'आजी' एवढंच कळतं.

दर रविवारी दुपारी दीडला ते फोन लावतात. तिकडे तेव्हा सकाळ असते आणि नात दुधाचा पेला घेऊन बसलेली असते. पहिलं वर्षभर आमचं बोलणंच होत नव्हतं. मी हात हलवायचे, ती हात हलवायची. मी विचारायचे, "जेवलीस का?" मुलगा ते तिला तिच्या भाषेत सांगायचा, तोवर ती खुर्चीवरून उतरून गेलेली असायची. मग मी आणि मुलगा हवापाण्याचं बोलायचो.

उपाय सुनेनं काढला. तिने प्राण्यांच्या चित्रांचं एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक घेतलं आणि तस्संच दुसरं मला पोस्टाने पाठवलं. तिचं म्हणणं असं, की आजी नुसती प्राण्यांची नावं शिकली तरी दोघींना पुरेल. मला ते एकदम पटलं. मी छत्तीस वर्षं पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवलं आहे. लहान मूल शिकतं ते कुत्र्या-मांजरापासूनच.

मी दोनशे पानी वही आणली. डावीकडे मराठी नाव, उजवीकडे देवनागरीत स्पॅनिश उच्चार. फोनवरच्या भाषा शिकवणाऱ्या अ‍ॅपमधली बाई तेच नाव पुन्हापुन्हा म्हणून दाखवायची, ते ऐकून लिहायचं. गाय म्हणजे बाका. शेळी काब्रा. घोडा काबायो. कोंबडीला गायिना म्हणतात, त्यामुळे कोंबडीचं चित्र दिसलं की माझ्या डोळ्यांपुढे गाय उभी राहायची. मेंढी ओबेखा आणि मधमाशी आबेखा, यांत मी दोन आठवडे अडकले होते. कुत्र्याला पेर्रो. त्यातला र जिभेवर घोळवावा लागतो, नाही घोळला तर त्याचा अर्थ नुसता 'पण' असा होतो. सकाळी कॉलनीच्या मैदानावर चालताना मी हे सगळं पुटपुटायचे. शेजारच्या बाईंनी एकदा विचारलं, "कशाचं पारायण धरलंय?" मी हसले. काय सांगणार?

रविवारी परीक्षा असायची. नात हातात पेन्सिल घ्यायची, चित्रावर टकटक करायची आणि विचारायची, "के एस एस्तो?" म्हणजे, हे काय? मी उत्तर द्यायचे. बरोबर आलं की ती दोन्ही हात वर करायची. चुकलं की मान हलवून, पेन्सिल माझ्याकडे रोखून बरोबर शब्द सांगायची. तिची ती ऐट बघून मला वाटायचं, पोरगी माझ्यावर गेली.

असे दोन-अडीच महिने बरे गेले. मग एका रविवारी तिने सशावर पेन्सिल टेकवली.

तो शब्द मला येत होता. वहीत तिसऱ्या पानावर होता, सकाळी चालतानाही म्हटला होता. पण ऐन वेळी तो आलाच नाही. मी तोंड उघडून बसले. नात वाट बघत होती. मुलगाही बघत होता. "के एस एस्तो?" तिने पुन्हा टकटक केली, या वेळी जरा जोरात. मी घाबरले. हो, चार वर्षांच्या पोरीपुढे मी घाबरले. आणि माझ्या तोंडून निघालं, "मोला."

"नो," नात म्हणाली. "कोनेखो." मग पुस्तक मिटून ती आईकडे वळली आणि म्हणाली, "ला आबुएला नो साबे नादा."

मुलगा हसला. "आई, काय म्हणाली कळलं का? आजीला काहीच येत नाही म्हणते."

मीही हसले. पण फोन ठेवल्यावर जेवायला बसले, तर जेवण तसंच राहिलं. दोन गोष्टी एकदमच मनात आल्या होत्या. एक तर तो 'मोला' शब्द. माझं माहेर उदगीरचं. वडिलांचं पेठेत डाळीचं दुकान, त्यामुळे बाहेर मराठी आणि दख्खनी उर्दू. आई मात्र सीमेपलीकडची, कानडी मुलखातली. आम्ही तिला अव्वा म्हणायचो. रागावली की आणि फार लाडात आली की ती कानडीत बोलायची. सशाला ती मोला म्हणायची. अव्वा जाऊन पंचवीस वर्षं झाली आणि तो शब्द मी बहुतेक पन्नास वर्षांत उच्चारला नव्हता.

दुसरी गोष्ट म्हणजे 'काहीच येत नाही' हे वाक्य. हे मी स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं होतं. एका मुलीच्या नावापुढे.

माझी पहिली नेमणूक किनवटकडच्या एका आश्रमशाळेत झाली. तेव्हा मी बावीस वर्षांची होते. उदगीरच्या पेठेत वाढलेली मुलगी, जंगल कधी पाहिलेलं नव्हतं. शाळेभोवती साग आणि पळस, रात्री कंदील, पावसाळ्यात रस्ता बंद. मुलं बहुतेक गोंडांची. वसतिगृहातच राहायची, दिवाळीला आणि उन्हाळ्यात घरी जायची. त्यांना मराठी येत नव्हतं आणि मला गोंडी येत नव्हतं. पण शाळा मराठी होती, त्यामुळे येत नाही ते फक्त त्यांना, असा सगळ्यांचाच हिशेब होता. माझाही.

ती मुलगी सहा वर्षांची असेल. बापाने एका सोमवारी आणून सोडली. लहानखुरी, केस तेल लावून चापून बसवलेले. पहिले तीन महिने ती एक शब्द बोलली नाही. सांगितलं की बसायची, सांगितलं की उठायची. मी तिच्याकडे फार लक्ष दिलं नाही, कारण पहिलीत चाळीस मुलं होती.

भिंतीवर प्राण्यांचा तक्ता होता. मी पट्टी टेकवायचे, मुलं ओरडायची. वाघ! माकड! मोर! ससा! एक दिवस त्या गलक्यात एक वेगळा आवाज ऐकू आला. मी सशावर पट्टी ठेवली होती आणि ती मुलगी, आपणहून, पहिल्यांदा, मोठ्याने म्हणाली, "मलोल."

मी म्हटलं, "ससा. ससा म्हण."

"मलोल."

"स-सा."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तक्त्याकडे बोट करून, मला समजावून सांगितल्यासारखं, हळू म्हणाली, "म-लो-ल."

तिने माझी नक्कल केली असं मला वाटलं. वर्ग हसायला लागला होता. जी मुलं हसत होती तीही गोंडच होती, वर्षभर आधी येऊन पहिलीतच राहिलेली, ससा म्हणायला शिकलेली. मी तिला पुढे बोलावलं. दोन्ही हातांवर एकेक पट्टी मारली आणि वर्गाला विचारलं, "काय म्हणते ही? मलोल म्हणजे काय असतं? असं काही असतं का?" वर्ग ओरडला, "न्हाई बाई!" आणि मीही हसले. माझा तो हसण्याचा आवाज मला आजही ऐकू येतो असं मी म्हणणार नाही, कारण ते खोटं होईल. जवळजवळ चाळीस वर्षं मला तो दिवस आठवलासुद्धा नव्हता.

त्यानंतर मुलं तिला मलोल म्हणूनच हाक मारायला लागली. मी थांबवलं नाही.

याच्या पुढचीही एक आठवण आहे आणि ती सांगणं मला जास्त जड जातं. एका संध्याकाळी मी वसतिगृहामागे पाणी भरायला गेले होते. मागून कोणीतरी माझा पदर ओढला. तीच मुलगी. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि बोरीच्या झुडपाकडे दाखवलं. आधी मला काही दिसेना. मग दिसलं. वाळक्या गवताच्या रंगाचा, लांब कानांचा, दबून बसलेला एक ससा. जिवंत ससा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. आमच्या तक्त्यावरचा पांढराशुभ्र आणि लाल डोळ्यांचा होता. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. ती हसत होती. मारलं होतं, हसले होते, तरी ती मला तो दाखवायला आली होती.

"मलोल," ती कुजबुजली.

आणि मी म्हटलं, "ससा म्हण."

तिने पदर सोडला. त्यानंतर ती वर्गात कधी बोलली नाही. तपासणीला साहेब आले, त्यांनी तिला उभं करून चित्रं विचारली, ती खाली बघत राहिली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या दिवशी प्रगतीच्या रजिस्टरात तिच्या नावापुढे लिहिलं, 'मुलीस काहीच येत नाही.' दिवाळीच्या सुट्टीला ती घरी गेली, ती परत आली नाही. अशा खूप मुली परत येत नसत. त्याला गळती म्हणायचे. पुढे माझी लातूर जिल्ह्यात बदली झाली, लग्न झालं, मुलगा झाला.

आता, जेवणाच्या ताटावर बसून, मी 'मोला' म्हणून पाहिलं आणि 'मलोल' म्हणून पाहिलं. किती जवळचे शब्द. माझ्या आईचा शब्द आणि त्या पोरीचा शब्द एकाच घरातले असावेत इतके जवळचे. तेव्हा माझी आई जिवंत होती, सुट्टीत मी तिच्याकडे जात होते, तिची कानडी ऐकत होते. तरी माझ्या कानाला काही जाणवलं नाही.

दोन आठवडे मी हे मनात घेऊन फिरले. मग त्या शाळेत माझ्याबरोबर असलेल्या एका बाईंना फोन केला. त्या निवृत्त होऊन नांदेडला राहतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, तेव्हा सगळ्यांनीच केलं ते. आपण काय मुद्दाम केलं का? आपल्यालाही तसंच शिकवलं होतं."

मी म्हटलं, "हो. पण ती पोरगी कुठे असेल, कळेल का?"

 मग त्यांनी आमच्या वसतिगृहातल्या स्वयंपाकीण मावशींचा नंबर शोधून दिला. मावशी आता किनवटमध्ये मुलाकडे असतात. त्यांना सगळ्या मुली लक्षात होत्या, कुणाला आमटी आवडायची नाही इथपर्यंत. दोन दिवसांनी त्यांचाच उलट फोन आला. "सापडली. लग्न होऊन बाजूच्याच पाड्यावर दिली व्हती. या तुम्ही."

मार्चचा शेवट होता. लातूरहून एसटीने नांदेडला गेले, त्या बाईंकडे मुक्काम केला आणि सकाळच्या गाडीने किनवटला उतरले. मावशी स्टेशनवर आल्या होत्या. पाठीत वाकल्या होत्या, पण माझी पिशवी त्यांनीच घेतली. काळीपिवळी जीपने फाट्यापर्यंत आणि मग अर्धा तास पायी. मावशी वाटेत म्हणाल्या, "तिला फोनवर सांगून ठेवलं, तुम्ही कायच्यासाठी येऊन राहिल्या ते. ती काय बोलली न्हाई. या म्हटली फकस्त."

अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती, त्याचा गोड वास सगळीकडे होता. ती बाहेर आली. पंचेचाळिशीची बाई, तशीच लहानखुरी, केस कानापाशी पांढरे. मी तिला कुठेही ओळखलं नसतं. तिने मला ओळखलं.

"बाई, तुम्ही तवा लई बारीक व्हत्या," ती म्हणाली. तिचं मराठी चांगलं होतं, त्या भागात बोलतात तसं. तिने बाज टाकली, पाणी दिलं. तिची मुलगी घरात होती, पंचविशीची. गावातल्याच अंगणवाडीवर सेविका आहे. ती दाराशी चौकटीला टेकून उभी राहिली.

मी मनात वाक्यं ठरवून आले होते. त्यातलं एकही धड आलं नाही. मी म्हटलं, "तुला मी मारलं होतं."

"मारल्याचं काय न्हाई," ती म्हणाली. "समदेच मारत व्हते. घरीबी मारत. हसले, ते ध्यानात राह्यलं."

मावशी मोहाच्या फुलांतल्या काड्या वेचायला लागल्या. ती फुलं त्यांची नव्हती, पण त्यांना हाताला काहीतरी हवं होतं.

"दिवाळीला घरी आली," ती सांगत होती, "तर गावातली पोरंबी तेच म्हणायले. मलोल, मलोल. शाळेतल्या पोरांनी येऊन सांगितलं व्हतं. सुट्टी सरली, बाप सोडायला निघाला. नाल्यापतुर गेलो. तिथं मी हात सोडवून पळाली. पळसाच्या झाडीत दिवस मावळेस्तोवर बसली. दुसऱ्या खेपेला पुन्हा पळाली. मग बापानं नाद सोडला."

म्हणजे ती परत आली नाही ते माझ्यामुळेच. मला वाटलं होतं, कदाचित घरी काही अडचण असेल, धाकटं भावंड झालं असेल, आणि मला थोडं सुटल्यासारखं वाटेल. तसं काही नव्हतं.

"माझं चुकलं," मी म्हटलं. "फार मोठं चुकलं. तेच सांगायला आले."

 ती रागात दिसली नाही. तिने मुलीकडे मान वळवली आणि म्हणाली, "हिला कोणी हसलं न्हाई. हिला मी घरात गोंडीचा एक शब्द ऐकू दिला न्हाई. सासू बोलायची, तिला गप केलं. शाळंत घालायच्या आधी ससा, वाघ, माकड, समदं पाठ करून घेतलं. चुकली की मीच मारली." आणि मग मान जरा वर करून, "बारावी झाली. नोकरी लागली."

तिच्या आवाजात अभिमान होता. तो खराच होता. मी एका पोरीला गप्प केलं एवढंच समजून तिथे आले होते. तिने तिच्या सासूला, तिच्या मुलीला गप्प केलं होतं, आणि त्याची सुरुवात माझ्या तक्त्यापाशी होती.

काहीतरी बोलायचं म्हणून की मनातलं ओझं टाकायचं म्हणून, मी म्हटलं, "माझी आई सशाला मोला म्हणायची."

ती माझ्याकडे बघायला लागली. "तुमची आई? गोंड व्हती?"

"नाही. कानडी. पण शब्द तसाच. कुत्र्याला ती नायी म्हणायची."

"आमी नई म्हणतो," ती म्हणाली.  मग ती अगदी शांतपणे म्हणाली, "मंग तुम्हाला तर कळायला पायजे व्हतं, बाई."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. 

दाराशी उभी असलेली मुलगी पुढे आली. "आई, वाघाला काय म्हणतात?"

"तुला काय करायचं?"

"सांग की."

"पुली."

"माझी आई हुली म्हणायची," मी म्हटलं. मुलगी खाली बसली. तिने एकेक विचारायला सुरुवात केली. कोंबडी, शेळी, मोर, अस्वल. आई सांगत होती, आधी आखडून, मग जरा मोकळी होऊन. मोराचं सांगताना तर तिने मान तशी करून दाखवली आणि दोघी मायलेकी हसल्या. मुलगी म्हणाली, "आजी हे बोलायची ते मला वाटायचं, असंच बडबडते."

मग मुलीने साळिंदराचं विचारलं. ती सांगायला गेली आणि थांबली. ओठ हलले. तिने कपाळाला हात लावला, अंगणाकडे बघितलं, पुन्हा ओठ हलवले. "आत्ता व्हता तोंडात," ती म्हणाली.  शब्द आला नाही. "माय असती तर सांगितलं असतं," ती म्हणाली आणि एकदम उठली. "बास आता. चहा ठेवते."

चहा पिताना तिने माझ्या मुलाबद्दल विचारलं. मी नातीचं सांगितलं, स्पॅनिशचं सांगितलं. त्या भाषेत रानातल्या सशाला वेगळा शब्द आहे आणि पाळलेल्याला वेगळा, हेही सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या तक्त्यावर पांढरा व्हता. मला वाटलं, ह्यो म्हातारा झालाय." निघताना मी तिचे हात हातात घेतले. तिने घेऊ दिले. पुन्हा या असं ती म्हणाली नाही. फाट्यापर्यंत तिची मुलगी सोडायला आली आणि माझा नंबर लिहून घेतला.

पुढच्या रविवारी मी मुलाला सगळं सांगितलं. तो बराच वेळ ऐकत राहिला. मग मी विचारलं, "तू पोरीशी मराठीत का बोलत नाहीस रे?"

तो म्हणाला, "आई, तू तरी माझ्याशी अव्वाच्या भाषेत कधी बोललीस?"

त्याने टोमणा मारला नव्हता. खरंच विचारत होता. मी म्हटलं, "नाही बोलले. मला लाज वाटायची." हे मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगितलं. उदगीरला पहिलीत असताना गुरुजींनी पाण्याला काय म्हणतात असं विचारलं होतं आणि मी "नीरू" म्हटलं होतं. वर्ग हसला होता. मी हुशार होते, त्या दिवसापासून पुन्हा चुकले नाही. एवढाच माझ्यात आणि त्या पोरीत फरक.

 त्यानंतरच्या एका रविवारी नातीने पेन्सिल टेकवली, मी "बाका" म्हटलं, आणि मागून मुलगा तिला म्हणाला, "गाय." नातीला ते आवडलं नाही. तिने त्याला दटावलं. तो पुन्हा म्हणाला, "गाय." असं ते अजून चाललं आहे. ती कधी म्हणते, कधी तोंड फिरवते. मी जोर करू नको म्हणून सांगितलं आहे.

मे महिन्यात त्या अंगणवाडीच्या मुलीचा फोन आला. तिने आईकडून बावीस प्राण्यांची नावं काढून घेतली होती. अंगणवाडीच्या भिंतीवर रंगवलेल्या तक्त्यावर प्रत्येक चित्राखाली मराठी नावाच्या शेजारी खडूने गोंडी नाव लिहिलं होतं. पोरं दोन्ही म्हणतात म्हणाली. काहींच्या घरी अजून बोलतात, त्यांना तर फार मजा वाटते.

"आई आली का बघायला?" मी विचारलं.

"न्हाई आली. दोनदा बोलावलं." मग ती म्हणाली, "आई म्हणते, कोणी मोठं माणूस तपासणीला आलं, तर आधी पुसून टाक."

मी विचारलं, "मग तू काय करणार?"

"माहीत न्हाई, मॅडम," ती म्हणाली. "अजून कोणी आलं न्हाई."

मी तिला म्हटलं, पुसू नको, कुणी विचारलं तर माझा नंबर दे, मी बोलेन. ती हो म्हणाली. पण तिच्या आवाजावरून ते नक्की कळलं नाही. निवृत्त बाईच्या नंबरला कितीसं वजन असतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मग तिने नात कशी आहे ते विचारलं, उन्हाळा फार आहे म्हणाली, आणि मुलं आली म्हणून फोन ठेवला.